बडोद्यात उन्हाळ्यात मुलांसाठी काहीच नाही, हे कोणी ठरवलं?

दांडियाबाजारकर
परवा मांजलपूरच्या एका ताईंनी इथे मे महिन्यातल्या शिबिरांची यादी टाकली. रोबोटिक्स, कोडिंग, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, बिनगॅसचा स्वयंपाक, आणि प्रत्येकापुढे फी. तिथवर ठीक होतं. पण शेवटचं वाक्य होतं, 'हे परवडत नसेल तर मुलांनी वेकेशनभर मोबाइल बघायचा, कारण बडोद्यात मुलांसाठी दुसरं काहीच नाही.' खाली सगळ्यांचं 'अगदी खरं, अगदी खरं'. गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही.

सयाजीबाग १८७९ ची. तिच्यात १८९४ पासूनचं संग्रहालय आहे. त्यात इजिप्तची ममी आहे, निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. बागेतच तारांगण, प्राणिसंग्रहालय, आणि जवळच बालभवन. इतकं सगळं हाकेच्या अंतरावर कुठल्या शहरात मिळतं ते सांगा. मांडवीला मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचे ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणले, मुलांसाठी वेगळा विभाग काढला, पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली. शाळेत असताना मामा मला तिथे न्यायचा. मांडण्या लोखंडी, आणि मजल्यांची जमीन काचेची. वरून कोणी गेलं की डोक्यावर पावलांच्या सावल्या सरकायच्या. हातातलं पुस्तक तसंच राहायचं आणि आम्ही मान वर करून बघत बसायचो.

खरं म्हणजे आपल्याला मुलांसाठी काही नको असतं, मुलं चार तास कुठेतरी ठेवायची असतात. मग तसं म्हणा ना. शहराला कशाला नावं ठेवता?

मांजलपूरची_आई
हो, ठेवायचीच असतात. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

मिस्टर मकरपुरा जीआयडीसीत, शिफ्टची नोकरी. मी साडेनऊला घर सोडते ती साडेसहाला परत. तुमचं संग्रहालय आणि तुमचं ग्रंथालय ज्या वेळेत उघडं असतं, त्या वेळेत मी ऑफिसात असते. मेमध्ये दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. त्या उन्हात आठ वर्षांच्या पोराला मांडवीला कोण नेणार? रिक्षाने एकटा पाठवू? देवमासा एकदा बघून होतो, काका. सुट्टी पाच आठवड्यांची असते.

शिबिरवाल्यांची व्हॅन दारात येते. मी फी देते ती त्या व्हॅनची आणि चार तास मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाची. रोबोट मुलाला आला नाही तरी चालेल. माझ्या वाक्यात एक शब्द वाढवते, 'नोकरी करणाऱ्यांच्या मुलांसाठी काहीच नाही.' आता खोडून दाखवा.

पुण्याहून_माहेरी
एक वेगळाच त्रास सांगते. पुण्यात माझ्या मुलांच्या शाळेला एप्रिलच्या मध्यापासून सुट्टी, इथे गुजरात बोर्डाची मेमध्ये. मी मुलांना घेऊन येते तेव्हा भावाच्या मुलांच्या परीक्षा चालू, आणि त्यांना सुट्टी लागली की माझी परत जायची वेळ. मामेभावंडं जेमतेम भेटतात. शिबिरं नंतर बघा, आधी सुट्ट्या जुळवा.

वाडीतला_जुना
ताई, राग मानू नका, पण आमच्या वेळी ही शिबिरं कुठे होती? वाडीत घराघरात आजी-आजोबा. दुपारी पत्ते, सोंगट्या, गोष्टी. संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं की झोपायची सोय. आजही ज्यांच्या घरी आजी आहे त्यांना कशाची चिंता? मुलांना आजीपाशी सोडा, मराठी बोलायला शिकतील, चार श्लोक येतील, फी वाचेल. गावातल्या निम्म्या मराठी घरांत आजी आहेच.

कारेलीबागची_आजी
'आजी आहेच.' हे वाक्य मी एप्रिल लागला की ऐकते आणि आज त्याला उत्तर देणार आहे.

माझं वय अडुसष्ट. दोन्ही गुडघे गेलेले. मेमध्ये माझ्याकडे मुलाची दोन पोरं सकाळपासून असतात, आणि त्यात मुलगी आली की तिची एक. सकाळी तिघांचं दूध, त्यात एकाला साय चालत नाही, एकाला गाळलेलंच हवं. मग आंघोळी, नाश्ता, भांडणं. दुपारी आमरस. केसरची पेटी आली की कौतुक सगळ्यांचं, पण आंबे पिळायला मी, कोयी चोखून झाल्यावर हात पुसायला मी, आणि सोफ्यावरचे डाग काढायलाही मीच. मधल्या वेळेत गच्चीवर कुरडया घातलेल्या असतात. चीक शिजवायला पहाटे उठावं लागतं, सोऱ्या दाबून मनगट भरून येतं, आणि वाळेपर्यंत कावळे राखायचे. पोरं पहिल्या दिवशी काठी घेऊन बसतात, दुसऱ्या दिवशी त्यांना कंटाळा येतो. मला कंटाळा आलेला चालत नाही.

नातवंडांवर माझा जीव आहे, तो कोणी मोजू नये. पण मला एकदाही कोणी विचारलेलं नाही, 'आई, यंदा जमेल का?' तारीख ठरते, मग मला कळवतात. माझ्या मैत्रिणी मे महिन्यात नर्मदेकाठी आठ दिवस राहून आल्या. मी गेले नाही, कारण 'आजी आहेच'. वाडीतले जुने भाऊ, तुमच्या त्या गोष्टी सांगणाऱ्या आजीला दुपारी पाठ टेकायला मिळायची का, हे तुम्ही कधी पाहिलंत?

अकोट्याचा_मुलगा
काकू, मान राखून विचारतो. तुम्हीही नोकरी केली असेल. तेव्हा तुमची मुलं कोणी सांभाळली? आणि एक लक्षात घ्या. आम्ही वडिलांची औषधं, दवाखाना, बँकेची कामं सगळं बघतो. त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. मग नातवंडांना पाच आठवडे बघण्याचा हिशेब का मांडायचा? घर असं चालत नसतं.

कारेलीबागची_आजी
केली ना नोकरी, बँकेत. आमचं घर रावपुऱ्यात होतं, सासूबाई, दोन जावा आणि एक विधवा आत्या. एक मूल चार बायकांत वाटलं जायचं. एकीला ताप आला तर दुसरी उठायची. आज फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर मी एकटी आणि तीन पोरं. मला ताप आला तर कोण उठणार, ते सांगा.

आणि औषधांचा हिशेब तुम्हीच मांडलात, मी नाही. दवाखान्यात नेण्याच्या बदल्यात पोरं सांभाळायची असं ठरलं असेल तर तसं तोंडावर बोला. मग मीही माझ्या अटी सांगीन.

अकोट्याचा_मुलगा
मी तसं म्हटलेलं नाही. शब्द फिरवू नका.

निजामपुऱ्याची_सून
म्हटलंत. दोनदा वाचलं मी. आणि इतका वेळ आजी-आजोबा, आजी-आजोबा चाललंय, पण एका बाप्याने अजून लिहिलेलं नाही की मेमध्ये मी आठ दिवस रजा टाकतो. आमच्याकडे सासूबाईंनी गेल्या वर्षी स्पष्ट सांगितलं, सकाळी अकरापर्यंत माझ्याकडे, पुढे तुमची सोय तुम्ही बघा. घरात खूप वाजलं. मला तेव्हा राग आला होता. पण शेवटी मिस्टरांनी एक आठवडा घेतला, मी एक घेतला, उरलेल्या दिवसांत मुलगी चार तास शिबिराला. कोणी मेलं नाही. सासूबाई आता स्वतःहून तिला मासिकातली कोडी सोडवायला बोलावतात.

आखाड्यातला
मूळ मुद्दा राहिला बाजूला. मी सकाळी मुलांना मल्लखांब शिकवतो, कसलीही मोठी फी नाही. हे शहर जुम्मादादांचं आणि त्यांच्या शिष्याचं, प्रोफेसर माणिकरावांचं. मुसलमान उस्ताद आणि मराठी चेला, दोघांनी मिळून अख्ख्या गावाला लेझीम, लाठी, जोडी शिकवली. आज माझ्याकडे पालक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, 'सर्टिफिकेट मिळेल का?' दुसरा, 'एसी आहे का?'

मल्लखांबाला एरंडेल लावतो तेव्हा पोरं नाक मुरडतात. पहिले काही दिवस मांड्या सोलवटतात, पकड सुटते, घसरून खाली येतात. मग एक दिवस पोरगं पायाची तिढी घालून दोन्ही हात सोडतं आणि उलटं लटकून हसतं. ते हसू रोबोटिक्समध्ये दिसतं का, मला दाखवा. मुली पोरांपेक्षा लवकर शिकतात, हेही सांगून ठेवतो. वेळ सकाळी सहा ते साडेसात. ऊन नाही, ऑफिस नाही. यावर काय उत्तर आहे, मांजलपूरच्या ताई?

मांजलपूरची_आई
उत्तर असं की साडेसातनंतर मुलगा घरी येतो आणि दिवस तिथून सुरू होतो. बाकी तुमचं म्हणणं मला आवडलं. मुलीला पाठवीन. पत्ता मेसेजमध्ये द्या.

हरणीजवळ_राहतो
व्हॅन दारात येते म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी लिहितो. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. मी इथेच राहतो. त्या संध्याकाळी तलावाच्या रस्त्यावर जे पालक धावत होते ते मी पाहिले आहेत.

तेव्हापासून मी कुठल्याही शिबिराला एवढंच विचारतो. मुलांना आवाराबाहेर नेणार का? पाण्याजवळ नेणार का? नेलं तर जॅकेट किती, आणि मुलं किती? गेल्या वर्षी एका शिबिराने मला न कळवता माझ्या मुलाला एका फार्महाउसच्या तरणतलावावर नेलं. मुलगा घरी येऊन आनंदाने सांगत होता. मी जाऊन विचारलं तर म्हणे, 'पाणी कमरेएवढंच होतं.' दुसऱ्या दिवशी नाव काढलं, पैसे परत मिळाले नाहीत. फीची यादी करता ना, त्यात एक रकाना याचाही घाला.

दांडियाबाजारकर
हरणीवाले भाऊ, हे लिहिलंत ते बरं झालं. ताई, यादीत तो रकाना घालाच.

मोतीबागचा_प्रेक्षक
क्रिकेटचं कोणीच का बोलत नाही? विजय हजारे आणि गुल महंमद यांनी १९४७ च्या रणजी फायनलला याच गावात ५७७ ची भागीदारी केली, तीही होळकरांच्या संघाविरुद्ध. आज पोरांना फुकट खेळायला मैदान दाखवा. आमच्या भागात होतं ते आधी प्रदर्शनाला दिलं, मग लग्नाला. सकाळी जावं तर मांडवाचे खिळे पायात. अकादमीची फी भरा नाहीतर पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळा.

वाडीतला_जुना
आजींना उद्देशून. माझी आजी दुपारी झोपायची की नाही ते मला आठवत नाही. आम्ही झोपायचो, ती नसावी. एवढं मान्य करतो. पण मुलांना आजी हवी हे माझं मत मी सोडणार नाही.

कारेलीबागची_आजी
मुलांना आजी हवी, हे मी कधी नाकारलं? आजीला विचारा, एवढंच म्हणतेय.

दांडियाबाजारकर
वेळेचा मुद्दा मान्य करतो. फक्त वेळेचा. शहरात काहीच नाही हे मी आजही मानणार नाही. पण जे आहे ते बंद व्हायच्या वेळेला नोकरदार माणूस घरी येतो, हे खरं आहे.

मग मागू या ना. मे महिन्यापुरतं संग्रहालय आणि ग्रंथालयाचा बालविभाग संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उघडा ठेवा. दुपारचं ऊन टळेल, आई-बापांना नेता येईल, आणि आजींनाही दुपारी पाठ टेकता येईल. एक अडचण आहे. संग्रहालय आणि ग्रंथालय राज्य सरकारचं, बाग आणि प्राणिसंग्रहालय महानगरपालिकेचं. म्हणजे अर्ज दोन दारी द्यायचे, आणि एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं ही रीत आपल्याला ठाऊक आहे. म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी पोच घेऊन देऊ. ज्या संस्थानाने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथल्या लोकांना ग्रंथालयाचं दार तीन तास जास्त उघडं मागायला संकोच कशाला? मसुदा मी लिहितो, मराठीत आणि गुजरातीत.

अकोट्याचा_मुलगा
संध्याकाळी साडेआठपर्यंत कर्मचारी कोण देणार? त्यांनाही घरं आहेत, मुलं आहेत. सोपं वाटतं तुम्हाला.

निजामपुऱ्याची_सून
पाळ्या लावतील. दवाखान्यात लावतात, रेल्वेत लावतात. सकाळी उशिरा उघडा, संध्याकाळी उशिरा बंद करा. मेमध्ये भर दुपारी तिथे जातं तरी कोण?

मांजलपूरची_आई
काका, मसुदा टाका. मी सही करते, आमच्या सोसायटीतल्या सह्याही आणते. मैदानाचं कलमही त्यात घाला, मोतीबागवाले बरोबर बोलले.

पण हा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरेपर्यंत जून उजाडेल. मुलाच्या शिबिराची फी मी आज सकाळी भरली आहे, बाहेर कुठेही नेणार नाही असं लिहून घेऊन. त्याबद्दल मला आता कोणाकडून काही ऐकायचं नाही.