'रेझोनंट हीटिंग'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
शाळेतल्या मुलांसाठी मायक्रोवेव्हवर एक लेख लिहितो आहे. 'रेझोनन्स'ला, म्हणजे ताल जुळल्याने हालचाल वाढत जाण्याला, अनुनाद, अनुस्पंदन आणि संस्पंदन असे तीन शब्द सापडले. 'अनुनादी तापन' लिहून पाहिले, पण खटकते. भाजी गरम होते त्यात नाद कुठला? आणि 'मायक्रोवेव्ह'ला सूक्ष्मलहरी म्हणावे का?

प्रतिसाद
सतारीच्या तरफा आठवा. वरची तार छेडली की त्याच सुराला लावलेली खालची तार हात न लावता बोलते. 'अनुनाद' त्यासाठी इतका नेमका आहे की तो सोडवत नाही. रेडिओच्या ट्यूनिंगलाही तो चालतो, मग उष्णतेलाच का नको?

प्रतिसाद
शब्दाआधी वस्तू तपासू या, कारण लेखाचा पायाच चुकण्याची भीती आहे. घरच्या ओव्हनमध्ये पाण्याच्या रेणूचा रेझोनन्स होतो, हे सर्रास सांगितले जाते आणि ते चूक आहे. ओव्हनची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी कंपने. साध्या तापमानाला द्रवरूप पाणी सर्वाधिक ऊर्जा शोषते ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि तिथेही टोकदार शिखर नसते, पसरट उंचवटा असतो. रेणू एकमेकांना इतके खेटून असतात की एकाचा स्वतःचा असा ताल टिकतच नाही. लहरींचे विद्युत क्षेत्र उलटसुलट होते, रेणू त्याच्यामागे वळू पाहतात, मागे पडतात, आणि त्या ओढाताणीत उष्णता निर्माण होते. कारखान्यांतले मोठे ओव्हन ९१५ मेगाहर्ट्झवरही चालतात. ताल जुळण्यावर सगळे अवलंबून असते तर हे जमले नसते. उलट २० गिगाहर्ट्झ वापरले असते तर बटाट्याची साल तापून आतला गर गारच राहिला असता! इथे नुसते 'मायक्रोवेव्ह तापन' लिहा.

सूक्ष्मलहरी मात्र नको. ओव्हनमधली लहर सुमारे १२ सेंटीमीटर लांब असते. रेडिओलहरींच्या मानाने ती आखूड, पण मूल 'सूक्ष्म' वाचून डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक काहीतरी समजेल.

प्रश्नकर्ता
बरे झाले विचारले. मग खरे रेझोनंट हीटिंग आहे तरी कुठे?

प्रतिसाद
प्लाझ्मात, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतो. क्षेत्र १ टेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असेल तर सेकंदाला सुमारे २८ अब्ज फेऱ्या. त्याच तालाच्या लहरी सोडल्या की प्रत्येक फेरीत त्याला नेमक्या वेळी ढकल मिळते, झोक्याला मिळते तशी. ०.०८७५ टेस्लाला ओव्हनचीच २.४५ गिगाहर्ट्झ वारंवारता पुरते. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या प्लाझ्मा कोंडून ठेवणाऱ्या यंत्रात क्षेत्र २.५ टेस्ला, म्हणजे ७० अब्ज फेऱ्या. तिथे त्याच्या दुपटीच्या, १४० गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, दुपटीवरही ताल जमतो. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ४२ गिगाहर्ट्झचा जायरोट्रॉन, म्हणजे अशा लहरी निर्माण करणारी नळी, वापरला आहे.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वेगळीच वाटते. टोकामॅकमध्ये, म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात, क्षेत्र आतल्या बाजूला जास्त आणि बाहेर कमी असते. त्यामुळे ताल जुळतो तो एका पातळ थरातच, आणि ऊर्जा तिथेच उतरते. कोटी अंशांच्या वायूत कुठे तापवायचे ते निवडता येते.

प्रश्नकर्ता
आणि मायक्रोवेव्हने सिरॅमिक भाजतात ते?

प्रतिसाद
तिथे रेझोनन्स असतो, पण धातूच्या पेटीचा. लहरी भिंतींवर आपटून जागच्या जागी उभ्या राहतात, आणि त्यांचा जोर जिथे साठतो तिथे वस्तू ठेवतात. वस्तूतल्या रेणूंचा ताल जुळत नाही. घरच्या ओव्हनमधली तबकडी फिरते तीही याच उभ्या लहरींमुळे, नाहीतर एक घास चटका देणारा आणि शेजारचा थंड.

तरफांचे उदाहरण देणारा
मग 'अनुनाद' मी मागे घेतो. इलेक्ट्रॉनच्या फेऱ्यांना 'अनुस्पंदन' बरे.

प्रश्नकर्ता
फेरी म्हणजे स्पंदन नव्हे, अशी शंका आली होती. पण वर्तुळात फिरणारा इलेक्ट्रॉन बाजूने पाहिला तर मागेपुढे हलतानाच दिसतो, म्हणून शब्द पटला. प्लाझ्मासाठी 'अनुस्पंदी तापन' घेतो, आणि पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे ताल जुळवून तापवणे' असे जोडतो. ओव्हनच्या परिच्छेदातून हा शब्द आजच काढला.