किसान रेल पुन्हा हवी की आपला ट्रकच बरा?

माणदेशी डाळिंब:
पहिली किसान रेल, म्हणजे शेतमाल नेणारी रेल्वेगाडी, ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून बिहारात दानापूरला सुटली. त्याच वर्षी डिसेंबरात शंभरावी सुटली ती आमच्या सांगोल्यातून, थेट बंगालात शालिमारला. फळं-भाजीला भाड्यात ५० टक्के सवलत होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे किमान मालाची अट नव्हती. दोन एकरवाला पंधरा कॅरेट घेऊन गेला तरी माल घ्यायचे. ट्रक भरायचा तर त्याला आधी अर्धी भावकी गोळा करावी लागते. पुढे सवलत गेली, गाड्याही आटल्या. ही गाडी कायमची हवी, असं माझं मत.

तीन पिढ्या चाकावर:
सवलत होती तोवर गाडी होती. यातच काय ते आलं! ट्रक बांधावर येतो, भाऊ. रेल्वेला बागेतून पिकअप, स्टेशनात उतराई, डब्यात भराई, तिकडे परत उतराई, मग मंडीपर्यंत टेम्पो. दर ठिकाणी हमाली. आणि चार वेळा आदळलेल्या डाळिंबाला आडत्या काय भाव देतो ते विक्रीच्या पट्टीवर बघा.

माणदेशी डाळिंब:
हमालीचं मान्य. पण शालिमार दोन हजार किलोमीटरच्या पुढे आहे. वेळापत्रकात चाळीसेक तास होते. तुमचा आयशर पोचेल का तेवढ्यात? डिझेल-टोल धरून भाडं किती होतं तेही सांगा.

तीन पिढ्या चाकावर:
भाडं परतीच्या मालावर ठरतं. येताना गाडी भरून मिळाली तर जातानाचं कमी लावतो. रिकामी आणायची असेल तर तो खर्च तुमच्याच डाळिंबावर. आणि मला वेळापत्रक नाही, तोडणी रात्री दहाला संपली तर दहाला निघतो.

केळी पट्टा, रावेर:
आमच्याकडे सावदा-रावेरची केळी रेल्वेनं दिल्लीला जाणं जुनंच. जमतं, कारण एकाच पट्ट्यात डबे भरण्याइतका माल निघतो. विखुरलेल्या बागांना ते कसं जमणार?

निफाडकर:
कांद्याचंही तेच. ४२ वॅगनची आख्खी रेक भरायची ऐपत व्यापाऱ्याची. शेतकरी त्यात कुठेच नसतो. म्हणून पंधरा कॅरेट घेणारी गाडी मला पटते. सवलतीचं म्हणाल, तर ती थोडी घटवून स्टेशनाशेजारी शीतगृह बांधलं असतं तर बरं झालं असतं.

तीन पिढ्या चाकावर:
बांधा की. बाग ते शीतगृह माझाच आयशर लागणार आहे. तेव्हा भाड्यावरून घासाघीस करू नका म्हणजे झालं.