फॉर्मवर सगळं छानच असतं

रुग्णांकडून अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले की त्यांना शिकवणाऱ्या नर्स आपोआप सुधारतील, असं म्हणतात, ते मला पटत नाही. फॉर्मवर सगळे 'छान' म्हणून मोकळे होतात. मी बेळगावात एका दवाखान्यात इन्शुलिनचं पेन, म्हणजे मधुमेहाचं औषध स्वतःच टोचून घ्यायचं पेनासारखं इंजेक्शन, वापरायला शिकवते. खानापूरकडच्या एका मावशींना सगळं सांगितलं, त्या 'व्हय व्हय' म्हणाल्या, फॉर्मवर अंगठाही दिला. पंधरवड्यानं आल्या तर रक्तातली साखर तशीच वाढलेली. करून दाखवा म्हटलं, तर बटण दाबल्या दाबल्या सुई बाहेर आणि औषधाचा थेंब पोटावर.

त्यानंतर आमच्या मोठ्या सिस्टर मी शिकवताना मागे उभ्या राहू लागल्या. पेशंट गेला की लगेच एकच गोष्ट सांगायच्या. पहिल्यांदा म्हणाल्या, "तूच बोलत राहतेस गं, पेन त्यांच्या हातात देतच नाहीस." आठवड्यानं नेमकं तेवढंच बघायला पुन्हा यायच्या. आता मी आधी पेन हातात देते आणि सुई आत ठेवून १० पर्यंत मोठ्यानं मोजायला लावते, मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, ज्याला जे जमेल त्यात. चुकलं तर 'तुम्हाला कळलं नाही' असं म्हणत नाही, 'माझंच सांगायचं राहिलं' म्हणते आणि परत करून घेते.