परदेशातला कायदा आपला आपण शोधून वाचावा का?

वकील, सातारा

मागच्या महिन्यात कोरेगाव तालुक्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन ऑफिसात आली. नवरा कॅलिफोर्नियात, ही दोन वर्षं माहेरी. त्याने तिकडच्या कोर्टात घटस्फोटासाठी अर्ज केलाय आणि त्याचे कागद हिला मिळालेत. तिचा मावसभाऊ न्यू जर्सीत नोकरीला आहे. त्याने इंटरनेटवरून घटस्फोटाचा कायदा काढून, महत्त्वाच्या ओळींवर पिवळ्या खुणा करून पाठवला होता. त्यात लिहिलेलं, उत्तर द्यायला ३५ दिवस. त्या हिशोबाने बापलेकीने चार पानी उत्तर लिहून पाकिटात घातलं होतं. कुरियरला द्यायच्या आधी एकदा नजर टाका, एवढंच त्यांचं म्हणणं.

३५ दिवस ही न्यू जर्सीची मुदत आहे. कॅलिफोर्नियाची ३०. अमेरिकेत घटस्फोटाचा कायदा ज्या त्या राज्याचा वेगळा असतो. समन्सवर ३० दिवस स्वच्छ छापले होते, पण भाऊ तिकडेच राहतो म्हटल्यावर समन्स कोणी नीट वाचलंच नाही.

मुदतीची चूक निदान दिसते तरी. त्याहून मोठा प्रश्न हा, की उत्तर द्यायचं का, आणि दिलं तर कशा शब्दांत. याचं उत्तर ना न्यू जर्सीच्या कायद्यात, ना कॅलिफोर्नियाच्या. ते आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये आहे. परदेशी कोर्टाचा निकाल इथे कधी मानायचा नाही, ते हे कलम सांगतं. १९९१ च्या वाय. नरसिंह राव खटल्यात लग्न तिरुपतीला झालेलं. नवऱ्याने मिसुरी राज्यात ९० दिवसांचं वास्तव्य दाखवून घटस्फोट मिळवला. कारण काय, तर संसार पुन्हा जुळण्यापलीकडे मोडला. हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. बायकोने तिथे उत्तर पाठवलं होतं, पण हरकत नोंदवून. तिने तिथलं अधिकारक्षेत्र मान्य केलं असं म्हणूनच धरलं गेलं नाही. माझ्या पक्षकाराच्या चार पानांत हरकतीचा एक शब्द नव्हता. पहिलंच वाक्य होतं, 'माननीय कोर्टावर माझा पूर्ण विश्वास आहे.' ते पाकीट गेलं असतं तर पुढे इथे भांडताना तिचेच शब्द तिच्या आडवे आले असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. परदेशातला कायदा सामान्य माणसाने शोधून काढावा आणि त्यावर पाऊल उचलावं, हे धोक्याचं आहे. आपलं कोर्टसुद्धा परदेशी कायदा आपल्याला ठाऊक आहे असं धरत नाही. एखादी घटना शाबीत करावी तसा तो शाबीत करावा लागतो, तज्ज्ञाच्या मताने किंवा त्या देशाच्या सरकारने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावरून. २०२३ च्या साक्ष्य अधिनियमात डिजिटल स्वरूपही आलं, पण तेही सरकारी अधिकारानेच प्रसिद्ध झालेलं हवं. खुर्चीवर बसलेला न्यायाधीश इतकी काळजी घेतो. आपण एका प्रिंटआउटवर आयुष्याचा निर्णय घ्यायचा?

फ्रँकफुर्टची भाडेकरू

वकीलसाहेब, तुमच्या मुलीचं वाचून पोटात गोळा आला. तरी मी पूर्ण असहमत आहे.

इथे पहिलं घर घेताना घरमालकीणबाईंनी चार महिन्यांचं भाडं अनामत मागितलं, तेही एकरकमी, किल्ली मिळायच्या आधी. माझी नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. इथे ओळखीचं कोणी नाही. त्या रात्री जर्मन नागरी संहितेचं कलम ५५१ शोधून वाचलं. सरकारच्या संकेतस्थळावर मूळ जर्मन आणि इंग्रजी भाषांतर, दोन्ही फुकट आहेत. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. त्यात हीटिंग-पाण्याचा खर्च धरायचा नाही. आणि भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. सकाळी जर्मन उतारा छापून नेला आणि टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि करारातला आकडा पेनाने खोडला.

वकील शोधत बसले असते तर घर दुसऱ्याला गेलं असतं. परक्या देशात उभं राहायचं तर कायदा वाचता येणं ही गरज आहे. 'तुम्ही वाचू नका' हे ऐकूनच आपल्याकडची माणसं गप्प बसतात, इकडेही आणि तिकडेही.

> वकील, सातारा
> मनापासून अभिनंदन. एकच विचारतो. घर सोडल्यावर अनामत किती दिवसांत परत द्यायची, ते त्या कलमात सापडलं का?

> फ्रँकफुर्टची भाडेकरू
> नाही सापडलं. गेल्या वर्षी घर बदललं तेव्हा तिथेच अडले. संहितेत दिवसांची मुदतच नाही. घरमालकाला हिशोब तपासायला वाजवी वेळ मिळतो, आणि वाजवी म्हणजे किती ते कोर्टांच्या निकालांतून ठरत आलंय. प्रकरण पाहून काही महिनेही धरले जातात. हे मला शहरातल्या भाडेकरू संघाने सांगितलं, वर्गणी भरून सभासद झाल्यावर. पण नेमकं काय विचारायचं ते मला कळलं होतं, कारण कलम मी आधी वाचलं होतं. हे तुम्ही विसरू नका.

मुक्काम म्हापसा

आम्हां गोंयकारांची गोष्ट निराळी. आमच्याकडे परदेशी कायदाच घरचा झाला.

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या कायद्याने जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले. तिकडे पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली आणि जुनी मोडीत काढली. जी संहिता पोर्तुगालात कोणी वापरत नाही, तिच्यावर आमची लग्नं आणि नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेचे हिशोब चालत राहिले. वारसाहक्काचा भाग नंतर गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आला.

आमच्या घरात वडिलांच्या मालमत्तेची वाटणी चालली होती. पुतण्या हुशार, इंजिनिअर. त्याने पोर्तुगीज नागरी संहिता उतरवून घेतली, भाषांतर करून घेतलं आणि काकांना दाखवायला आला. ओसरीवर बसून आम्ही वकिलांच्या कागदाशी ताडून बघितलं, तर एका अनुच्छेदाचा आकडा जुळेना. दुपार गेली. शेवटी कळलं, त्याच्याकडे १९६६ ची संहिता होती. पोर्तुगालसाठी ती अगदी बरोबर, आमच्यासाठी निरुपयोगी.

म्हणून मी दोघांच्याही बाजूचा नाही. वकील का सामान्य माणूस, हा मुद्दाच नव्हे. तो मजकूर कुठल्या तारखेचा आणि कुठल्या जागेसाठी लागू, हे आधी बघा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोव्यात लागू असलेली पोर्तुगीज संहिता हा आता भारतीय कायदाच, आणि गोंयकाराच्या गोव्याबाहेरच्या भारतातल्या मालमत्तेच्या वारसालाही तोच लागू. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, म्हणजे खुद्द वकिलांचंही यावर एकमत नव्हतं.

एलएलबी, तिसरं वर्ष

धाग्याचा सूर मला खटकला. परदेशी कायदे वाचण्याची परंपरा आपल्या संविधानापासूनची आहे. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला गेले. मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडकडून आली. कलम २१ मधली 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' ही शब्दरचना जपानच्या संविधानाच्या कलम ३१ वरून घेतली. संविधान उसनं आहे या टीकेला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात उत्तर दिलं, की उसनं घेण्यात लाजण्यासारखं काही नाही, संविधानाच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचा पेटंट हक्क नसतो.

आणि आपला कायदाही बाहेरचे वाचतात. जून १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने मक्वान्याने खटल्यात फाशी रद्द केली. त्याआधी त्यांनी आपला १९८० चा बचनसिंग निकाल नीट वाचला. आपल्याकडे फाशी टिकली, मग त्यांनी का नाही टिकवली? कारण त्यांनी निकालाच्या मागचं संविधान बघितलं. आपल्या कलम २१ मध्येच योग्य कार्यपद्धतीने जीवित हिरावून घेता येईल अशी वाट आहे. त्यांच्या जीविताच्या हक्काला तशी पुरवणी नव्हती. हा परिच्छेद मी वसतिगृहात रात्री दोनला वाचला आणि परदेशी कायदा कसा वाचायचा ते मला तिथे उमगलं. हे सगळं फुकट उपलब्ध असताना लोकांना भीती का घालायची?

> वकील, सातारा
> रावांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ते स्वतः उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले. तरी पुस्तकावर न थांबता वॉशिंग्टनला जाऊन तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश फ्रँकफर्टर यांना भेटले, 'ड्यू प्रोसेस'चा, म्हणजे कार्यपद्धती न्याय्यच हवी या अमेरिकन तत्त्वाचा, तिकडे प्रत्यक्ष अनुभव काय, ते विचारलं. म्हणजे तिथल्या जाणकाराला विचारलंच ना? आणि पुढे काय झालं तेही बघा. शब्द जपानचे घेतले, १९५० मध्ये गोपालन खटल्यात त्यांचा अर्थ अगदी अरुंद लागला, आणि ती कार्यपद्धती न्याय्य असायला हवी हे मनेका गांधी खटल्यात, १९७८ मध्ये ठरलं. २८ वर्षं माणसं त्या अरुंद अर्थाखाली तुरुंगात राहिली.

> एलएलबी, तिसरं वर्ष
> सर, १९७८ चा अर्थही वाचनातूनच आला, न वाचण्यातून नाही. आणि एक विचारू? त्या मुलीने स्वतः कागद आणले नसते, भावाने काही पाठवलंच नसतं, तर ती तुमच्याकडे मुदतीच्या आत आली असती का?

> वकील, सातारा
> या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. नसती आली. चुकीच्या राज्याचा का होईना, तो कागद वाचून 'उत्तर द्यायला मुदत असते' एवढं तिला कळलं, म्हणून ती २६ व्या दिवशी माझ्यासमोर बसली होती. कॅलिफोर्नियातल्या एका वकिलाशी बोलून आता अधिकारक्षेत्राला हरकत घेणारा कागद त्यांच्यामार्फत वेळेत दाखल झालाय. काल तिचा फोन आला. तिकडचा मूळ कायदा कुठे वाचायला मिळेल, विचारत होती. राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळाचा दुवा पाठवलाय. म्हणाली, समजलं नाही तर खुणा करून ठेवते.