साखळी तापतेय? आधी तेलाचं भोक बघा

दादा, बाभळीचे ओंडके कापताना चेनसॉची (इंजिनवर चालणाऱ्या साखळी-करवतीची) साखळी तापते, धूर येतो आणि करवत एका बाजूला ओढते, असं तुम्ही लिहिलंय. इंजिन खोलायची घाई करू नका. पाटणला वळवात पडलेली झाडं कापताना माझंही असंच झालं होतं.

इंजिन बंद करून गार होऊ द्या. प्लगची टोपी काढा, हातमोजे घाला, मगच साखळीला हात लावा. कितीही घाई असली तरी हे चुकवू नका, बोटं परत येत नाहीत. बाजूचं झाकण काढलंत की तेलकट भुसा घट्ट बसलेला दिसेल. साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीवरचं तेलाचं भोक त्यानंच बुजतं. ते तारेनं मोकळं करा, खाच खरवडा आणि पट्टी उलटी बसवा. मग सगळं जोडून, करवत चालू करून टोक पुठ्ठ्यासमोर जरा लांब धरा. तेलाची रेघ उमटली पाहिजे.

ढलप्यांऐवजी पीठ पडत असेल तर धार गेलीय. साखळीच्या मापाची गोल कानस घ्या, प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. दोन्हीकडचे दात कमीजास्त झाले की काप तिरका जातो. बांधावरच्या बाभळीत जुनी तार रुतलेली असते, तीही आधी बघा.