मदत हवी आहे: बाबांचा पार्क विकला जातोय, राजीनाम्यावर सही करावी का?

नमस्कार. इथे पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या, पण सोमवारपर्यंतच वेळ आहे.

माझे बाबा मुंबईबाहेरच्या एका अम्युझमेंट पार्कमध्ये गेली 17 वर्षं राइडवर आहेत. कंपनीचे वेगवेगळ्या राज्यांत पार्क आहेत. डोक्यावर कर्ज झालंय म्हणून त्यातले दोन विकायला काढलेत, त्यात बाबांचाही आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांची नोकरी अजून तिथेच आहे.

गेल्या आठवड्यात एचआरने एकेकाला केबिनमध्ये बोलावून दोन कागद पुढे ठेवले. एक राजीनामा, 'वैयक्तिक कारणास्तव' असं आधीच टाइप केलेला, तारखेची जागा मोकळी. दुसरं नव्या मालकाचं ऑफर लेटर. पगार तोच, हुद्दा तोच, पण 6 महिने प्रोबेशन आणि नोकरीची सुरुवात नव्या तारखेपासून. "दोन्हीवर एकदमच सही करा, नुसती फॉर्मॅलिटी आहे," असं सांगितलं. बाबा म्हणाले घरी विचारून सांगतो, आणि मोबाइलवर दोन्ही कागदांचे फोटो काढून आणले. बऱ्याच जणांनी तिथल्या तिथे सही करून टाकली.

बाबांचं काम काय ते सांगते, कारण त्यांच्या हुद्द्यावरूनही माझ्या मनात शंका आहे. कागदोपत्री ते 'राइड सुपरवायझर'. प्रत्यक्षात सकाळी साडेसहाला पार्कात पोचतात, गेट उघडायच्या आधी राइड रिकामी फिरवून बघतात, मग प्रत्येक सीटचा लॅप बार (बसणाऱ्याला धरून ठेवणारा मांडीवरचा दांडा) आधी खाली दाबून आणि मग दोन्ही हातांनी वर ओढून बघतात. एकही सीट सोडत नाहीत. मग लॉगबुकात सही. पावसाळ्यात राइड बंद असते तेव्हा वेल्डिंगच्या जागा घासून, त्यावर लाल डाय लावून, पुसून, तडा दिसतो का ते बघायचं कामही तेच करतात. उजव्या हाताची बोटं महिना महिना लाल असतात. लहानपणी मला वाटायचं बाबा रंगारी आहेत.

आता 52 वर्षांचे आहेत. उद्या नव्या मालकाने प्रोबेशनमध्येच 'नको' म्हटलं तर या 17 वर्षांचं काय? ग्रॅच्युइटी कोण देणार, जुना की नवा? पीएफ काढून घ्यायचा का? काही जण म्हणतात काढा, हातात येईल ते आपलं. मी इकडचं तिकडचं वाचलं, पण प्रत्येक ठिकाणी विक्री वेगळीच दिसते. खोपोलीचं इमॅजिका 2022 मध्ये मालपाणी समूहाकडे गेलं आणि चालू राहिलं. अमेरिकेत सिक्स फ्लॅग्जने मेरीलँडमधला आपला पार्क 2 नोव्हेंबर 2025 ला कायमचा बंद केला. आमच्याकडे यातलं नक्की काय होतंय हेच कळत नाही. एस्सेलवर्ल्डच्या फेरीबोटीत बसून गोराईला गेलेली आमची पिढी, त्यामुळे पार्क बंद होणं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. पण तेव्हा फक्त वाईट वाटलं होतं, आता घर चालायचा प्रश्न आहे.

कुणी यातून गेलं असेल किंवा कामगार कायदा जाणत असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, पहिली गोष्ट: राजीनाम्यावर सही करू देऊ नका. बाकी सगळं नंतर.

तुम्हाला कळत नाहीये ते साहजिक आहे, कारण 'पार्क विकला' या दोन शब्दांत तीन वेगळे व्यवहार असू शकतात. इमॅजिकात मालपाणींनी त्या कंपनीतच मोठा हिस्सा घेतला. कंपनी तीच, मालक बदलला. अशा वेळी कामगाराच्या नोकरीला धक्का लागायचं कारणच नसतं, नवं ऑफर लेटरही लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे नुसती जमीन विकणं. कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथल्या ग्रेट अमेरिका पार्कची जमीन 2022 मध्ये गोदामं बांधणाऱ्या प्रोलॉजिस कंपनीला विकली, आणि पार्क त्याच जागेवर भाड्याने चालू ठेवला. तिसरा प्रकार तुमचा दिसतोय. चालता धंदा, राइड आणि माणसांसकट, दुसऱ्या कंपनीला.

या तिसऱ्या प्रकारासाठी कायद्यात तरतूद आहे. आधी औद्योगिक विवाद कायद्यात होती, आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. नोकरीत खंड पडला नाही, अटी आधीपेक्षा कमी झाल्या नाहीत, आणि उद्या नोकरकपात झाली तर नवा मालक जुनी वर्षं धरून भरपाई देईल, या तिन्ही गोष्टी असतील तर हस्तांतर झालं म्हणून जुन्या मालकाला भरपाई द्यावी लागत नाही. यातली एक जरी नसेल तर द्यावी लागते. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, आणि नोटीस. राजीनामा घेतला की हा सगळा प्रश्नच मिटतो. माणूस स्वतःहून गेला. म्हणून तर तो कागद आधी टाइप करून ठेवलाय.

प्रतिसाद २

वरच्या दादांचं बरोबर आहे, त्यात भर घालतो. मी कारखान्यात टाइम ऑफिसला होतो, आता निवृत्त.

हुद्द्याची शंका तुम्ही योग्य काढलीत. सुपरवायझरचं काम करणारा आणि महिना 18,000 च्या वर वेतन असलेला माणूस संहितेच्या 'कामगार' व्याख्येत येत नाही. कंपनी हेच पुढे करेल. पण नुसत्या पदनामावर काही ठरत नाही, मुख्य काम काय ते बघतात. तुमच्या वडिलांचं काम हाताचं आणि तांत्रिक आहे. त्यांनी सही केलेल्या लॉगबुकच्या पानांचे फोटो मिळाले तर जपून ठेवा, तोच पुरावा.

ग्रॅच्युइटीचा हिशोब: शेवटचं मासिक वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 18,200 धरले तर दिवसाचे 700, म्हणजे एका वर्षाचे 10,500, आणि 17 वर्षांचे 1,78,500. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भागही आता वेतनात धरतात, तेवढी स्लिप तपासा. शेवटचं वर्ष 6 महिन्यांच्या वर झालं असेल तर ते पूर्ण धरतात. त्यामुळे रुजू झाल्याची तारीख फार महत्त्वाची.

पीएफ अजिबात काढू नका. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो, खातं नव्या कंपनीकडे ट्रान्सफर करून घ्या. पासबुक उघडून जुन्या कंपनीने दर महिन्याला पैसे खरंच भरलेत का ते आजच बघा.

आणि एकट्याने जाऊ नका. सही न केलेले जेवढे असतील तेवढ्यांनी मिळून एक पत्र द्या: 'आम्ही नव्या व्यवस्थापनाकडे सेवा अखंड धरून जायला तयार आहोत, तसं लेखी द्यावं.' पोच घ्या. नाही ऐकलं तर तुमच्या जिल्ह्याचं कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, मुख्य कार्यालय मुंबईत बीकेसीत कामगार भवनात.

धागाकर्ती

दादा, काका, खूप आभार. काल रात्री बाबांना दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. दुसरा त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

सही केलेली नाही. अजून अकरा जण आहेत. पत्र मी मराठीत टाइप केलंय, उद्या सगळ्यांच्या सह्या घेऊन बाबा देतील, पोचेसाठी दोन प्रती काढल्यात.

आजीच्या ट्रंकेत बाबांचं नेमणूकपत्र सापडलं. घडीवर फाटलंय, पण तारीख स्पष्ट आहे: 3 नोव्हेंबर 2008. म्हणजे 17 वर्षं आणि वर 7 महिने, काकांच्या हिशोबाने 18 धरायची. पण पीएफ पासबुकात पहिला भरणा जून 2009 चा दिसतोय. त्या मधल्या महिन्यांत बाबा रोज कामावर होते, पगारही रोख मिळत होता. ते महिने धरले जावेत म्हणून पत्रात आत्ताच लिहावं, की आधी सेवा अखंड असल्याचं लेखी मिळू द्यावं? काका, हे तेवढं आज रात्रीपर्यंत सांगाल का?