शियांगलिंगचा अटॅक १९०८, तरी बर्स्टचा मार कमी. अपडेटमध्ये नर्फ केलं का?

कपाशी_आर्णी
गेन्शिन इम्पॅक्ट, एशिया सर्व्हर. शियांगलिंग (आगवालं पात्र) लेव्हल ९०, हातात द कॅच नावाचा भाला लेव्हल ९० रिफाइनमेंट ५, अंगावर एम्ब्लेम सेटचे चार तुकडे, गोब्लेट त्या सेटबाहेरचा. स्क्रीनवर अटॅक १९०८, क्रिट रेट (जोरदार फटका बसायची शक्यता) ३१, क्रिट डॅमेज (त्या फटक्याची वाढ) १६८, एनर्जी रिचार्ज १७२, मास्टरी ९६. सँड्स अटॅकचा, गोब्लेटही अटॅकचाच, सर्क्लेट क्रिट डॅमेजचा. टीममध्ये बेनेट (आग), शिंगच्यू (पाणी), सुक्रोझ (वारा). अॅबिसच्या (वेळ मोजून लढायच्या मजल्यांच्या) १२ व्या मजल्यावर वेळ पुरत नाही. ग्रुपवर पोरं म्हणून रायले की नव्या अपडेटनं तिले कमजोर केलं. खरं हाये का? नसन तर पहिले काय बदलू, गोब्लेट का सर्क्लेट?

कारंजा_हिशोबी
नर्फ नाही, भाऊ. टॅलेंटच्या पानावर पायरोनाडोची (तिच्या बर्स्टची, म्हणजे एनर्जी भरल्यावर सुटणाऱ्या मोठ्या हल्ल्याची) टक्केवारी दिसते, ती जुन्या स्क्रीनशॉटशी जुळवून पहा. पात्राचे आकडे बदलले तर अपडेटच्या नोटमध्ये ते लिहिलेलं असतं. या गेममध्ये पात्राला बळ दिल्याचं उदाहरण म्हणजे झोंगली, फेब्रुवारी २०२१, आवृत्ती १.३. उलट्या दिशेचं ठळक उदाहरण जुलै २०२४ चं: न्यूव्हिलेटच्या गरगर फिरण्यावर मर्यादा आली आणि खेळाडूंनी ओरड केल्यावर थोड्याच दिवसांत मागे घेतली गेली. बदलत राहतो तो अॅबिस. १२ व्या मजल्यावर शत्रू ९५ ते १०० लेव्हलचे असतात आणि त्यांचा एचपी वर्षागणिक वाढत आला आहे.

आता तुमचा हिशोब. अटॅकचे टक्के फक्त मूळ अटॅकवर लागतात: शियांगलिंगचे २२५ आणि कॅचचे ५१०, मिळून ७३५. फेदरचे ३११ आणि किरकोळ सुटे अटॅक त्या टक्क्यांत येत नाहीत. बेनेटच्या बर्स्टचं वर्तुळही सुटाच अटॅक देतं, साधारण ८०० धरा. म्हणजे लढताना तुमचा अटॅक २७०० च्या आसपास असतो, आणि गोब्लेटचे ४६.६ टक्के त्यात जेमतेम ३४२ ची भर घालतात.

डॅमेज बोनस मात्र वेगळा गुणक आहे. तुमच्याकडे कॅचचे ३२ आणि एम्ब्लेमचे ४३ (रिचार्जच्या पाव हिस्सा), म्हणजे १.७५ पट. पायरो गोब्लेट (आगीचा मार वाढवणारा) घातला तर २.२१६ पट.
आज: २७०८ × १.७५ = ४७३९
पायरो गोब्लेट: २३६६ × २.२१६ = ५२४३
सरळ साडेदहा टक्के जास्त, स्क्रीनवरचा अटॅक मात्र १५६६ दिसेल. तो आकडा पाहून घाबरून परत जुना गोब्लेट चढवू नका. बेनेट टीममध्ये नसता तर फायदा ४ टक्क्यांच्या आतच राहिला असता.

सर्क्लेटची घाई नको. कॅच बर्स्टला १२ टक्के क्रिट रेट देतो, तो स्क्रीनवर दिसत नाही. म्हणून तुमचा खरा रेट ४३. सरासरी गुणक १ + ०.४३ × १.६८ = १.७२. क्रिट रेटचा सर्क्लेट घातला तर रेट ७४ आणि डॅमेज १०६, गुणक १.७८. फरक फक्त साडेतीन टक्के. मार मात्र एकसारखा पडतो, एखाद्या फेरीत सगळे फटके कोरडे जात नाहीत. वेळेशी शर्यत असते तिथे ते महत्त्वाचं.

मेळघाट_मास्टरी
हिशोब बरोबर. सँड्सचं राहिलं. मास्टरीचा सँड्स (१८७) घातला तर अटॅक घटतो पण व्हेपराइज (ओल्या शत्रूवर आग पडली की वाढणारा मार) वाढतं. सूत्र २.७८ × मास्टरी ÷ (मास्टरी + १४००). ९६ वर १७.८ टक्के, २८३ वर ४६.७. पायरो गोब्लेट धरून, सगळे फटके व्हेपराइज झाले तर अटॅकच्या सँड्सपेक्षा साडेसहा टक्के पुढे.

कारंजा_हिशोबी
सुक्रोझ आहे ना टीममध्ये! तिची मास्टरी ८०० असेल तर ती २० टक्के वाटते, म्हणजे १६०, आणि तिनं वाऱ्यानं आग फिरवली (पसरवली) तर आगवाल्या पात्राला वर ५०. मग सुरुवातच ३०६ वर होते आणि त्यापुढे मास्टरीचा प्रत्येक दाणा कमी पिकतो. तिथे अटॅकचा सँड्स दीडेक टक्का पुढे राहतो. सुक्रोझ काढली तरच मास्टरी घ्यावी.

मेळघाट_मास्टरी
मान्य, सुक्रोझ धरलीच नव्हती. मग खरा प्रश्न हा: सुक्रोझच्या अंगावर विरिडेसंट सेटचे चार तुकडे आहेत का?

कपाशी_आर्णी
दोनच हायेत. बाकी दोन मास्टरी देणाऱ्या दुसऱ्या सेटचे.

मेळघाट_मास्टरी
मग गोब्लेटच्या आधी हे करा. चार तुकडे असले की फिरवलेल्या घटकाचा शत्रूवरचा रेझिस्टन्स ४० नं घटतो. साध्या शत्रूचा रेझिस्टन्स १० असतो, गुणक ०.९. तो वजा ३० वर गेला की गुणक १.१५, कारण शून्याखाली निम्माच धरतात. एका झटक्यात जवळपास २८ टक्के. विरिडेसंटचे चार ताऱ्यांचे तुकडेही चालतात. सुक्रोझला मास्टरी पाहिजे, क्रिट नको. म्हणून हा सेट स्वस्तात जमतो.

चूक होते ती क्रमात. शिंगच्यूनं शत्रू आधी ओला केला तर सुक्रोझ पाणी फिरवते, पाण्याचा रेझिस्टन्स घटतो आणि शियांगलिंगला काहीच मिळत नाही. आधी बेनेटचा बर्स्ट आणि स्किल, मग सुक्रोझचं स्किल, मग शिंगच्यू, शेवटी शियांगलिंग. पायरोनाडो सोडताना जो अटॅक आणि जी मास्टरी असते तीच तो शेवटपर्यंत धरून ठेवतो. त्यामुळे बेनेटचं वर्तुळ (१२ सेकंद) आणि सुक्रोझची मास्टरी (८ सेकंद) संपायच्या आत, वर्तुळात पाय ठेवूनच बर्स्ट दाबा. वर्तुळाबाहेर दाबला तर ते ८०० गेले.

टॉवरखाली_देसाईगंज
रिचार्जकडेही पहा. बर्स्टला ८० एनर्जी लागते. १७२ वर तो दर २० सेकंदांनी भरत नसेल तर रिचार्जचा सँड्स घाला, ५१.८ मिळतात. पायरो गोब्लेट धरून एका बर्स्टचा मार साडेनऊ टक्के घटेल, पण एक फेरी रिकामी गेली तर त्याहून कितीतरी जास्त जातं. आधी बेनेटच्या स्किलचे कण शियांगलिंगवर बदलून पकडून पहा, कदाचित त्यातच भागेल.

आणि संध्याकाळी ७ ते १० टॉवरवर गर्दी असते तेव्हा अॅबिस नका खेळू. पिंग वाढला की पात्र बदलायला उशीर लागतो आणि वर सांगितलेले सेकंद तिथेच वाया जातात. पहाटे खेळा. मे महिन्यात दुपारी फोन तापून फ्रेम पडतात, तेव्हाही नको.

रेझिन (डोमेनमध्ये तुकडे मिळवायला खर्च होतं ते) ८ मिनिटांना एक भरतं. २०० ची मर्यादा जून २०२४ पासून आहे, म्हणजे भरायला २६ तास ४० मिनिटं. गावात एक दिवस लाईट किंवा नेट नसलं तरी नुकसान नाही. दिवसाचे १८० म्हणजे डोमेनच्या ९ फेऱ्या. कोणत्याही तुकड्याचा पायरो गोब्लेट निघायची शक्यता १ टक्का (गोब्लेट २०, त्यात पायरो ५). सरासरी शंभरेक तुकडे, म्हणजे ११ दिवस धरून चाला. तुमचा गोब्लेट सेटबाहेरचाच आहे, तर कुठल्याही सेटचा चालेल. विरिडेसंटच्या डोमेनमध्येच फेऱ्या मारा, दोन्ही कामं एकाच रेझिनमध्ये होतात. पायरो गोब्लेट दिसला की सबस्टॅट न पाहता कुलूप लावा.

कपाशी_आर्णी
आज सुक्रोझचे दोन तुकडे चार ताऱ्यांचे चढवले, क्रम बदलला. गोब्लेट अजून जुनाच. १२ व्या मजल्याची पहिली खोली पुरली.